भाऊ आता माझा क्लोन आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा नौपाड्यात भाजी घेतानाही हा प्रश्न मला चुकत नाही. "भावाला तुझ्या स्टेम सेल दिल्या, म्हणजे तो आता तुझा क्लोनच ना गं?"

नाही हो. पण प्रश्न अगदीच वेडगळ नाही. धाकट्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. सख्ख्या भावंडांत एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, आमचं जुळलं. हाडांच्या मज्जेतल्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, रक्तात उतराव्यात म्हणून मला चार-पाच दिवस इंजेक्शनं दिली. पनवेल लोकलमध्ये खिडकी मिळाली तरी हाडं ठणकत होती. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, दुसऱ्या हातातून परत. चार तास. हाती आली एक लालसर पिशवी. त्याला ती रक्त चढवतात तशीच चढवली. मी उगाच ऑपरेशन थिएटरची तयारी ठेवून बसले होते.

आत्याची शंका वेगळी होती. "यात कुणाचा गर्भ तर नाही ना गेला?" नाही, या मोठ्या माणसाच्या मज्जेतल्याच पेशी. मुंबईत टाटा रुग्णालयात मज्जारोपण १९८३ पासून होतंय.

पुढची गंमत मात्र खरी. त्याचा बी रक्तगट काही महिन्यांत माझ्यासारखा ओ झाला. त्याच्या रक्तपेशींत आता बाईची, एक्सएक्स गुणसूत्रं दिसतात. केसांची मुळं, नाक आणि आळस मात्र त्याचाच. क्लोन म्हणजे अख्खा जीव. १९९६ मध्ये स्कॉटलंडात डॉली जन्मली, ती सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीचं केंद्रक रिकाम्या केलेल्या बीजांडात घालून. २७७ प्रयत्नांत एकच जगली. माणसाचा असा क्लोन करायला आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनी मनाई आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. क्लोन म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा येतो, तेच लोक 'स्टेम सेल थेरपी'ची पाटी बघून लाखो रुपये मोजतात. ओळखीतल्या एका बाईंनी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलासाठी दागिने मोडायची तयारी केली होती. स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय. मी तो कागद त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "पण तुझा भाऊ बरा झाला ना?"