डेन्व्हरच्या पाच रस्त्यावरचं वाचनालय

पस्तीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात देवघेव सांभाळली, त्यामुळे परगावी गेलं की पाय आधी तिथलं वाचनालय शोधतात. २०१९ च्या जूनमध्ये लेकीकडे अमेरिकेत, डेन्व्हरला होते, तेव्हाही तेच झालं. जावईबापू डोंगर दाखवायला निघाले होते. मी म्हटलं, डोंगर कुठे पळून जात नाहीत, मला आधी ब्लेअर-कॉल्डवेल बघू द्या.

पूर्ण नाव ब्लेअर-कॉल्डवेल आफ्रिकन अमेरिकन रिसर्च लायब्ररी. वेल्टन स्ट्रीट आणि चोविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. शहराच्याच सार्वजनिक ग्रंथालयाची ही शाखा, त्यामुळे तिकीट वगैरे काही नाही. वेलिंग्टन वेब हे डेन्व्हरचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नी विल्मा यांच्या पुढाकारातून २००३ मध्ये ती उघडली.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या खेपेला वेळ न बघता गेले आणि बंद दारावरून परत आले. निघण्यापूर्वी वेळापत्रक बघाच, आणि फोन करून तिसरा मजला खुला आहे का तेही विचारा. मी गेले त्याला बरीच वर्षं झाली, मांडणी बदललेली असू शकते.

तळमजल्यावर नेहमीचं वाचनालय, दुसऱ्या मजल्यावर संशोधकांसाठी जुनी कागदपत्रं, आणि तिसऱ्यावर संग्रहालय. तिथे जुनी फाइव्ह पॉइंट्स, म्हणजे पाच रस्त्याची वस्ती उभी केली आहे. वेलिंग्टन वेब यांच्या कचेरीची प्रतिकृतीसुद्धा आहे, पण तिथे मी फार रेंगाळले नाही. पुढाऱ्यांच्या खुर्च्या सगळीकडे सारख्याच. वस्तीच्या भागाला मात्र निदान दीड तास ठेवा.

मुंबईत जसा सात रस्ता, तसा डेन्व्हरचा हा पाच रस्ता. सव्विसावा ॲव्हेन्यू, सत्ताविसावा रस्ता, वॉशिंग्टन आणि वेल्टन असे रस्ते तिथे तिरके येऊन भिडतात. ट्रामच्या पाटीवर एवढी नावं मावेनात, म्हणून नुसतं 'फाइव्ह पॉइंट्स' लिहायला लागले आणि तेच नाव वस्तीला चिकटलं. गोऱ्यांच्या वस्त्यांत घर मिळायचं नाही, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात शहरातले बहुतेक कृष्णवर्णीय लोक इथेच राहत. दुकानं, दवाखाने, चर्च, जॅझचे क्लब, सगळं आपल्याच माणसांचं. ड्यूक एलिंग्टन, बिली हॉलिडे यांच्यासारखे कलावंत गावातल्या बड्या हॉटेलांत वाजवू-गाऊ शकत, पण तिथे खोली मिळत नसे. मग मुक्काम पाच रस्त्यावरच्या रोसोनियन हॉटेलात, आणि रात्री उशिरा मैफल तिथल्या लोकांसाठी.

तिथे एक वयस्कर बाई फोटोंपुढे उभ्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "उतरलात कुठे?" म्हटलं, स्टेपलटन वस्तीत, लेकीकडे. त्या जराशा हसल्या आणि विचारलं, "हा स्टेपलटन कोण, माहीत आहे?" मला वाटत होतं, जुन्या विमानतळाचं नाव. विमानतळाचं होतंच, पण ते ज्यांच्यावरून पडलं ते बेंजामिन स्टेपलटन १९२३ मध्ये महापौर झाले आणि ते कु क्लक्स क्लॅनचे, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचे, सभासद होते. लेक दोन वर्षं त्या पत्त्यावर पत्रं मागवत होती, तिलाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर तो सबंध मजला मी पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी तिसरा मजला, मग रस्ता. उलटं केलंत तर बाहेर फक्त नव्या इमारती दिसतील. वेल्टनवरून ईशान्येला तीनेक चौक चाललात की रोसोनियनची १९१२ ची त्रिकोणी इमारत लागते. पुढे ३०९१ कॅलिफोर्निया स्ट्रीटला डॉ. जस्टिना फोर्ड यांचं घर. १९०२ मध्ये त्यांना डेन्व्हरमध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळाला, पण रुग्णालयांनी दारं बंद ठेवली. मग त्या घरोघरी जाऊन बाळंतपणं करत राहिल्या, सुमारे सात हजार. १९८४ मध्ये हे घर पाडायला काढलं होतं, ते अख्खंच्या अख्खं उचलून इथे आणून ठेवलं. आत ब्लॅक अमेरिकन वेस्ट म्युझियम आहे. ते सुरू करणारे पॉल स्टुअर्ट व्यवसायाने न्हावी, केस कापता कापता गिऱ्हाइकांकडून काळ्या काउबॉयांच्या गोष्टी गोळा करायचे. मला हे संग्रहालय बाहेरूनच बघावं लागलं. ते मोजक्याच दिवशी उघडं असतं, तेव्हा दोन्ही एका दिवशी जमतील असा वार निवडा.

विमानतळावरून युनियन स्टेशनला 'ए' मार्गाची गाडी ३७ मिनिटांत आणते. तिथून सोळाव्या रस्त्यावरची फुकटची बस घ्या, मग वेल्टनवर जाणारी 'एल' मार्गाची लाइट रेल. ती मधूनमधून कामासाठी बंद असते. तसं असेल तर युनियन स्टेशनपासून चालतही अर्ध्या तासात पोहोचाल. पाण्याची बाटली हवीच, गाव समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे आणि आमच्या वयाला दम लागतो. उन्हाळ्यात दुपारी अचानक विजांसह सर येते, छत्री घ्या.

संध्याकाळी जेवताना लेकीला नावाचं सांगितलं. ती म्हणाली, वस्तीत नाव बदलण्यावरून वाद चाललाय खरा, पण मी लक्षच दिलं नव्हतं. २०२० मध्ये ते बदललं. आता पत्त्यावर सेंट्रल पार्क लिहायचं.