बिश्केकमधली ती रात्र आणि आमच्या ऑफिसातला शनिवार

मी सांगलीत विश्रामबागला परदेशी एमबीबीएसच्या ऍडमिशनचं काम करतो. म्हणजे नीटला मार्क पडलेत पण सरकारी कॉलेजपुरते नाहीत, प्रायव्हेटची फी आवाक्याबाहेर, अशी पोरं आणि त्यांचे आईबाप आमच्याकडं येतात, तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, जत, इकडं इस्लामपूरपर्यंतचे. बरेचसे द्राक्षवाले, ऊसवाले, नाहीतर एसटीतले, पोलिसातले, रिटायर फौजी. आणि गेली काही वर्षं यातली बरीच पोरं मध्य आशियातल्या, पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या किर्गिझस्तानला जातात कारण खर्च झेपतो आणि दिल्लीतनं विमान तीन-साडेतीन तासात पोचतं.

१८ मे २०२४, शनिवार. सांगलीचं मतदान ७ तारखेला होऊन गेलेलं, नीटचा निकाल अजून यायचा होता, तर पहाटे साडेतीनला तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा फोन, "सर, पोरीच्या हॉस्टेलात मानसं शिरल्यात म्हणत्यात, पोरी दार लावून बसल्यात, तुमी आधी काय ते बघा." माणूस एवढंच बोलला आणि फोन बायकोच्या हातात दिला, तिला तर बोलताच येईना.

मी पोरीला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्यांदा नुसता अंधार, मग तिनं मोबाईलचा उजेड वर केला तर दाराला कपाट लावलेलं, कपाटाला कॉट टेकवलेली आणि कॉटवर चौघीजणी पाय वर घेऊन बसलेल्या, खिडकीला चादर खोचलेली. तोंडानं एक शब्द नाही, आवाज खाली जाईल म्हणून टाईप करून सांगत होती. 'खालच्या काचा फोडल्या', 'शेजारच्या हॉस्टेलातल्या मुलांना मारलं', 'एजे खाली दारात उभी आहे'. एजे म्हणजे त्यांची वॉर्डन, तिकडं मोठ्या बहिणीला म्हणतात तसं सगळ्या पोरी तिला म्हणतात. ही बाई रात्रभर दारातनं हलली नाही, गर्दीतल्या पोरांना त्यांच्या भाषेत दरडावत होती, आतमध्ये पोरी आहेत, घरी जा. मी हे लिहितोय कारण त्या दिवशी दिवसभर अमेरिका, रशिया, चीन, मोदी एवढीच नावं ऐकली, तिचं नाव कुणी घेतलं नाही.

झालं काय होतं तर १३ मे रोजी राजधानी बिश्केकमध्ये स्थानिक पोरं आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली, ते परदेशी इजिप्तचे होते असं तेव्हा सांगितलं जात होतं. त्याचा व्हिडिओ पसरला, १७ च्या रात्री शेकड्यांनी माणसं रस्त्यावर आली आणि ज्या हॉस्टेलांत पाकिस्तानी, भारतीय, बांगलादेशी पोरं राहतात तिकडं वळली. सकाळपर्यंत पोलिसांनी गर्दी पांगवली. आपल्या दूतावासानं बाहेर पडू नका सांगून हेल्पलाईन नंबर टाकला, जयशंकर यांनीही लिहिलं की परिस्थिती शांत आहे, दूतावासाशी संपर्क ठेवा. पोरं मेली अशा अफवा मात्र सगळीकडं फिरत होत्या. तिथल्या सरकारनं कुणीही मेलं नाही असं स्पष्ट सांगितलं, पण ते पालकांपर्यंत पोचवायला आम्हाला अख्खा दिवस लागला.

नऊ वाजता ऑफिस उघडायच्या आधीच जिन्यात माणसं. काही आमच्याकडनं गेलेल्यांचे पालक, काही दुसऱ्या एजंटकडनं गेलेल्यांचे, त्या एजंटचा फोन स्विच ऑफ म्हणून आमच्याकडं आलेले. त्यांना काय परत पाठवायचं? सगळ्यांची नावं, पासपोर्ट नंबर, हॉस्टेलचे पत्ते लिहून घेतले आणि दूतावासाच्या मेलवर एकेक यादी टाकत बसलो.

आणि त्या गर्दीत चर्चा सुरू. मिरजेकडचे एक रिटायर सुभेदार ठामपणे म्हणाले, "काळजी करू नका, तो रशियाचा मुलुख आहे, रशिया बघून घेईल." दुसरे एक म्हणाले चीननं सगळं विकत घेतलंय तिथं. तेवढ्यात ग्रुपवर फॉरवर्ड आला, हे सगळं अमेरिकेनं घडवून आणलंय. एक ताई रडत रडत मला म्हणाल्या, "सर, खरं सांगा, तो देश आहे तरी कुणाचा? आम्ही कुणाच्या भरवशावर पोरगी पाठवलीय?"

हा प्रश्न मला लागला. कारण मी त्या देशाबद्दल गेली कित्येक वर्षं वाचतोय, पोरं पाठवायची तर वाचायलाच पाहिजे. म्हणून मी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर ठेवला आणि मेलला उत्तरं येईपर्यंत सुभेदारांना मनासची गोष्ट सांगितली, म्हणलं तुम्ही फौजी आहात, तुम्हाला हे लगेच कळेल.

आपली पोरं बिश्केकच्या ज्या मनास विमानतळावर उतरतात, तिथं २००१ पासून २०१४ पर्यंत अमेरिकेचा तळ होता. अफगाणिस्तानात जाणारे येणारे सैनिक तिथनं जायचे, हवेत इंधन भरणारी विमानं तिथनं उडायची. आणि २००३ साली शहराच्या दुसऱ्या बाजूला, वीसेक किलोमीटरवर कांत नावाच्या गावात रशियानं आपला हवाई तळ उघडला, तो आजही आहे. म्हणजे समजा मिरजेत अमेरिकेची विमानं आणि तासगावात रशियाची, आणि मध्ये सांगलीत आपला कारभार. दोघांनाही एकाच वेळी जागा देणारा असा दुसरा देश नव्हता.

पुढचं ऐकून सुभेदार खुर्ची पुढं ओढून बसले. २००९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बाकियेव मॉस्कोला गेले, रशियानं दोन अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज आणि मदत कबूल केली आणि तिथंच यांनी जाहीर केलं की अमेरिकेचा तळ बंद. मग काही महिन्यांनी अमेरिकेनं वर्षाचं भाडं १.७४ कोटी डॉलरवरनं ६ कोटी डॉलर केलं, तळाचं नाव बदलून ट्रान्झिट सेंटर ठेवलं आणि तळ तिथंच राहिला. रशियाला हे झोंबलं. १ एप्रिल २०१० ला रशियानं किर्गिझस्तानला जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलवर निर्यात कर बसवला, महागाईनं लोक आधीच पेटलेले, आणि ७ एप्रिलला उठाव झाला, ऐंशीहून जास्त माणसं गेली, बाकियेव पुढं बेलारूसला पळाले. त्यांच्या आधीचे अकायेव २००५ च्या उठावात रशियाला पळाले होते. आणि दोघांच्याही घरच्यांवर आरोप एकच, अमेरिकन तळाला तेल पुरवायच्या कंत्राटात पैसे खाल्ले. तेव्हा बाहेरच्यांनी पैसा ओतला, जोर लावला हे खरंच, पण रस्त्यावर मेली ती तिथली माणसं आणि राग होता तो आपल्याच सरकारवर, हे सोडून नुसतं 'परकी हात' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

"मग चीन?" पहाटे फोन केलेले द्राक्षवाले दादा मागनं म्हणाले. ते मी त्यांच्या पोरीच्या रूमवरनंच सांगितलं. तिच्या खोलीत खिडकीखाली जो लोखंडी हीटर आहे त्यात गरम पाणी येतं ते शहराच्या मोठ्या औष्णिक केंद्रातनं. ते केंद्र चीनच्या सरकारी एक्झिम बँकेच्या ३८.६ कोटी डॉलरच्या कर्जातनं चिनी कंपनीनं आधुनिक केलं, २०१७ मध्ये काम पूर्ण आणि २०१८ च्या जानेवारीत ऐन कडाक्याच्या थंडीत बंद पडलं, अर्धं शहर गारठलं. मग चौकशी झाली आणि दोन माजी पंतप्रधान आत गेले. कर्ज मात्र फेडायचंच आहे. तिथं लोक चीनविरुद्ध मोर्चेही काढतात आणि त्यांचीच पोरं चिनी भाषाही शिकतात, दोन्ही खरं आहे.

तुर्कस्तानचंही सांगितलं. पोरं ज्या मोठ्या मशिदीसमोर फोटो काढून घरी पाठवतात ती तुर्कस्तानच्या पैशानं बांधलेली, २०१८ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन स्वतः उद्घाटनाला आले होते. आणि २०२१ मध्ये एर्दोआन यांच्या विरोधी गटाशी जोडलेल्या शाळांचा प्रमुख बिश्केकमधनं गायब झाला आणि काही आठवड्यांनी तुर्कस्तानच्या कोठडीत दिसला. दुसऱ्या देशाच्या राजधानीतनं माणूस उचलून नेता येतो, याला मी मशिदीपेक्षा मोठी गोष्ट समजतो.

रशियाची पकड मात्र अजून सगळ्यात खोल आहे, आणि ती तळामुळं कमी, पोटामुळं जास्त. लाखो किर्गिझ माणसं रशियात बांधकामावर, टॅक्सीवर राबतात, काही वर्षी त्यांनी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पाव भागाच्याही वर गेलाय. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस हॉलवर हल्ला झाला, संशयित ताजिक निघाले, तेव्हापासून मध्य आशियातल्या सगळ्याच मजुरांना रशियात त्रास सुरू झाला, कित्येकांना परत धाडलं. घरी काम नाही, बाहेरनं हाकललेले, आणि आपल्या शहरात परदेशी माणसं वाढताना बघणारे. १७ मेच्या गर्दीत हे सगळं किती होतं ते मोजून कुणी सांगणार नाही, पण राग असा एका व्हिडिओनं तयार होत नाही. आणि एप्रिलमध्येच तिथल्या सरकारनं परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांविरुद्ध रशियासारखाच कायदा केला होता. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांनी आधीच पत्र लिहून काळजी कळवली, तर राष्ट्राध्यक्ष जापारोव यांनी आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नका असं उत्तर दिलं.

मघाच्या ताई मध्येच म्हणाल्या, "आणि आपला भारत कुठाय या सगळ्यात?" भारताला तिकडं जायला जमिनीवरनं रस्ता नाही, मध्ये पाकिस्तान आहे. २०१९ मध्ये मोदी बिश्केकला गेले, २० कोटी डॉलरचं कर्ज जाहीर केलं, पण चीनपुढं ते काहीच नाही. मी त्यांना म्हणलं, ताई, तिथं भारत म्हणजे तुमची हजारो पोरंच आहेत. हे बोलताना माझाच आवाज बसला, कारण तळ, कर्ज, मशीद यांच्या मागं कुणीतरी उभं असतं आणि त्या रात्री आमच्या पोरींच्या मागं कपाट होतं.

दुपारनंतर फोन लागायला लागले. एजेनं पोरींना ब्रेड आणून दिला, दुकानं बंद म्हणून स्वतःच्या घरातनं. संध्याकाळपर्यंत आमच्या यादीतल्या सगळ्यांशी बोलणं झालं, एका पोराच्या कपाळाला टाके पडले होते, बाकी ठीक. क्लास ऑनलाईन झाले, काही पोरं घरी आली, पुढं बहुतेक परत गेली.

जूनमध्ये द्राक्षवाल्या दादांचा पुन्हा फोन. चीन, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान रेल्वेचा करार झाल्याचं त्यांनी वाचलं होतं, विचारत होते आता तिथं चीनचं राज्य येणार का. मी सांगितलं, पंचवीसेक वर्षं नुसती चर्चा चाललेली, रशियाला ती नको होती, युक्रेनच्या युद्धात अडकल्यावर पुतिन यांनी हरकत सोडली. करारात चीनचा वाटा ५१ टक्के आणि बाकी दोघांचा साडेचोवीस-साडेचोवीस, त्यामुळं शब्द चीनचाच चालणार हे उघड आहे. पण रशियन तळ तिथंच, हॉस्पिटलच्या वॉर्डात म्हातारे पेशंट रशियनच बोलतात, त्यामुळं पोरीला रशियन शिकू दे. ती सप्टेंबरात परत गेली, त्याच हॉस्टेलात, एजे तिथंच आहे म्हणून.

आता नवीन पालक आले की फी सांगायच्या आधी मी नकाशा काढतो, मनास, कांत, ते औष्णिक केंद्र, दूतावास कुठं आहे ते दाखवतो, २००५, २०१० आणि २०२० ला तिथली सरकारं कशी पडली तेही सांगतो. अर्धा-पाऊण तास जातो. काहीजण उठून दुसऱ्या एजंटकडं जातात, जाऊ देत. जे थांबतात ते हॉस्टेलच्या वॉर्डनचा नंबर मागून घेतात.