नागीण आजीला, कांजिण्या नातवाला

मागच्या वर्षी जानेवारीत आमच्या घरात जे झालं ते लिहायचं कधीपासून मनात होतं, पण बाळंतपण, मग रात्रीची जागरणं, यात राहूनच गेलं. गेल्या आठवड्यात पुण्याहून एका मैत्रिणीचा फोन आला की तिच्या सासऱ्यांना नागीण झालीये आणि ती पाच महिन्यांची प्रेग्नंट आहे, घरात सगळे म्हणतायत नागीण काय पसरत नसते. तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकते.

आम्ही इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला राहतो. माझं दुसरं बाळंतपण मार्चअखेरीस होतं म्हणून सासूबाई डिसेंबरमध्येच साताऱ्याहून आल्या. जानेवारीच्या एका गुरुवारी त्यांच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं, आतून आग झाल्यासारखं, तर त्या म्हणाल्या बॅगा उचलल्या म्हणून चमक भरली असेल. शनिवारी तिथेच लाल चट्टे आणि त्यावर बारीक फोड, मग त्यांनी ठरवलं की लोकरीच्या बनियनची ॲलर्जी आहे. आणि आमचा चार वर्षांचा लेक, जो आजीला सोडून हलत नाही, तो पावडरचा पफ घेऊन बसला. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्याने आजीच्या पाठीला पावडर लावली, एकेका फोडावर बोट ठेवून "हा झाला, हा झाला" करत. मी दारातून बघत होते आणि मला ते इतकं गोड वाटत होतं की मी फोटो काढला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.

रविवारी रात्री नवऱ्याने पाठ नीट बघितली. पाठीच्या कण्यापासून सुरू होऊन कुशीवरून पोटाकडे अर्धा पट्टा, एकाच बाजूला, जणू अर्धवट कमरपट्टा. सासूबाईंनी स्वतःच आरशात बघितलं आणि एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अरे ही तर नागीण." त्यांच्या माहेरी असं मानतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, त्यामुळे त्या रात्रभर जाग्या होत्या. गेरू मिळेल का विचारत होत्या. आता मला माहितीये की ती टोकं सहसा जुळत का नाहीत, हा व्हायरस मणक्याजवळच्या एका नसेच्या मुळाशी असतो आणि त्याच नसेच्या वाटेने बाहेर येतो, ती नस शरीराच्या एकाच बाजूला जाते म्हणून पुरळही मध्यरेषेशी थांबतं. पण त्या रात्री हे कुणाला माहीत होतं, आणि साठी ओलांडलेल्या बाईची भीती अशी समजावून जातही नाही.

सोमवारी सकाळी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे. इथे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, पाहुण्यांनाही टेम्पररी पेशंट म्हणून बघतात. पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत अँटीव्हायरल गोळ्या सुरू केल्या तर फायदा जास्त होतो आणि आम्ही कसेबसे त्या वेळेत बसलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फोडांवर न चिकटणारं ड्रेसिंग लावायला सांगितलं, आणि मग माझ्या पोटाकडे बघून विचारलं, तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?

मला वाटलं हा प्रश्न मध्येच कुठून आला. तर गोष्ट अशी की नागीण आणि कांजिण्या हा एकच व्हायरस आहे, व्हॅरिसेला झोस्टर. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो शरीरातून जात नाही, नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की चाळीस-पन्नास वर्षांनी नागीण होऊन उठतो. म्हणजे नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, ती ज्याच्या त्याच्या आतूनच येते. पण नागिणीच्या फोडातल्या पाण्यात तो जिवंत व्हायरस असतो, आणि ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत किंवा लस मिळालेली नाही त्याला ते पाणी लागलं तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. आधी कांजिण्या, नागीण झालीच तर पुढे कधीतरी. फोड झाकलेले असले तर धोका खूपच कमी, आणि सगळ्यांवर खपल्या धरल्या की संपला.

घरी येऊन मी कोल्हापूरला आईला फोन लावला. ती आधी म्हणाली, "अगं झाल्या असतील की, सगळ्यांनाच होतात." मग थोड्या वेळाने तिनेच परत फोन केला, आवाज पडलेला. म्हणाली, "तुझ्या ताईला झाल्या होत्या बघ, पण तेव्हा तुला लागू नये म्हणून आम्ही गडहिंग्लजला आजोळी नेऊन सोडलं होतं." मला ते आजोळ आठवतं, महिनाभर शाळा बुडाली म्हणून मी खूष होते. ताई इकडे कडुलिंबाच्या पाल्यावर झोपत होती.

मिडवाईफने, म्हणजे गरोदरपणात तपासणाऱ्या नर्सने, ब्लड टेस्ट केली. अँटीबॉडी नाहीत, म्हणजे मला कांजिण्या झाल्याच नव्हत्या. तिने सांगितलं की इथे वाढलेल्या मोठ्या माणसांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना कांजिण्या होऊन गेलेल्या असतात, पण आपल्यासारख्या उष्ण देशात त्या बऱ्याच जणांना उशिरा होतात, त्यामुळे आपल्याकडच्या बायका इथे आल्यावर टेस्टमध्ये अशा मोकळ्या निघणं नवीन नाही. आणि गरोदरपणात मोठ्या बाईला कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, पहिल्या २८ आठवड्यांत झाल्या तर थोडा का होईना बाळालाही धोका असतो. सासूबाईंच्या झाकलेल्या नागिणीपासून मला फार धोका नाही असं ती म्हणाली. "पण मुलावर लक्ष ठेव," म्हणाली, लागण झाली असेल तर पुरळ १० ते २१ दिवसांत दिसतं.

ते दिवस मी कसे काढले मला माहीत. रोज आंघोळीला पोराची पाठ, पोट, काखा बघायची. सासूबाईंनी स्वतःचं ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला, टॉवेल ठीक होता पण ताटाची काही गरज नव्हती, मी ते परत एकत्र केलं. नातवाला जवळ घेत नव्हत्या, तो दाराशी रडायचा. त्यांचं दुखणं गोळ्यांनी कमी झालं पण मनाला लागलं ते वेगळंच, "मी मदतीला आले आणि हे घेऊन आले" हेच धरून बसल्या होत्या.

सोळाव्या दिवशी त्याच्या कानामागे एक फोड दिसला, लाल डागावर पाण्याचा स्वच्छ थेंब ठेवल्यासारखा. संध्याकाळपर्यंत पोटावर तीस-चाळीस. शाळेला कळवलं, सगळ्या खपल्या धरेपर्यंत पाठवायचं नव्हतं. आणि मुलाच्या कांजिण्यांपासून दूर राहून उपयोग नव्हता, कारण पुरळ यायच्या आधी एक-दोन दिवसच त्या पसरायला लागतात आणि तो माझ्या कुशीतच झोपत होता. टेस्टचा रिपोर्ट हातात होता म्हणून एका फोनवर काम झालं. त्याला पुरळ आल्यापासून मोजून सातव्या दिवशी मला ॲसायक्लोव्हिर हे अँटीव्हायरल औषध सुरू झालं, दिवसातून चार वेळा, आठवडाभर. मला कांजिण्या झाल्या नाहीत. त्याला पॅरासिटामॉल आणि कॅलामाइन, आयब्युप्रोफेन कांजिण्यांमध्ये द्यायचं नाही असं फार्मसीत बजावून सांगितलं, आणि मुलांना ॲस्पिरिन तर कधीच नाही.

एक गोष्ट मला फार मागाहून कळली. आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर सायरनसेस्टर नावाचं गाव आहे, आम्ही तिथे कितीदा बाजाराला गेलोय. तिथे एडगर होप-सिम्पसन नावाचे साधे जीपी होते. घरातल्या म्हाताऱ्याला नागीण झाली की पोरांना कांजिण्या होतात हे बुडापेस्टच्या बोकाई डॉक्टरांनी १९व्या शतकाच्या शेवटीच टिपलं होतं, पण नागीण म्हणजे बाहेरून आलेली नसून आतला जुना व्हायरस उठतो हे होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये आपल्या पेशंट्सच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून मांडलं. शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरने वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं माझ्या घरात जसंच्या तसं घडलं, हे वाचताना अंगावर काटा आला.

अमेरिकेत कांजिण्यांची लस १९९५ पासून आहे. इथे ती सरकारी लसीकरणात नव्हतीच, म्हणून लेकाला मिळाली नव्हती. या जानेवारीपासून, म्हणजे २०२६ पासून, सुरू झाली, गोवर-गालगुंड-रुबेलाबरोबर एकाच इंजेक्शनमध्ये, १२ आणि १८ महिन्यांना. आमची धाकटी वर्षाची झाली आणि तिला पहिला डोस मिळाला. मी लस बाळंतपणानंतर विकत घेतली, गरोदरपणात ती घेता येत नाही. भारतात अजून सरकारी यादीत नाही पण मुलांच्या डॉक्टरांकडे पैसे देऊन मिळते, तर पुण्याच्या मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की आधी आईला विचार तुला कांजिण्या झाल्या होत्या का, आणि आई "झाल्या असतील" म्हणाली तर टेस्ट कर, आणि सासऱ्यांना वेगळं टाकू नका, फोड झाका, हात धुवा.

सासूबाई एप्रिलमध्ये परत गेल्या. नागिणीची लस भारतात पन्नाशीपुढच्यांना मिळते, महाग आहे, आणि एकदा नागीण होऊन गेली तरी घेता येते, हे त्यांनीच साताऱ्यातल्या डॉक्टरांना विचारून घेतलं. पहिल्या डोसनंतर दंड दोन दिवस भरून आला होता. व्हिडिओ कॉलवर बाही वर करून नातवाला दाखवत होत्या, आणि तो स्क्रीनवर बोट ठेवून म्हणत होता, "हा झाला."