रिपोर्ट मिळणार नाही म्हणे

शनिवारी एका संशोधनासाठी धाकट्याच्या डोक्यावर मेंदूच्या लाटा टिपणारी वायरींची टोपी चढवून आलो. पोहायला घालतात तशी घट्ट, आणि तिच्या भोकाभोकांत सिरिंजने जेल. घरी येऊन दोनदा शाम्पू केला तरी कानामागे चिकट लागतच होतं. एवढं करून हातात काय, तर ‘छोटा शास्त्रज्ञ’ असं रंगीत सर्टिफिकेट!

त्याला डीएलडी, म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर आहे, हे मागे लिहिलंय. ऐकू नीट येतं, हुशारी आहे, पण भाषाच अडते. इथे तीसच्या वर्गात साधारण दोन मुलं अशी असतात. हा मराठीत ‘ताईने आंबा खाल्ली’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘यस्टर्डे आय वॉक’. शाळेतल्या एका बाईंनी घरी फक्त इंग्रजी बोला असं सुचवलं, आणि मी दोन महिने बोललेही. (पुण्याला फोनवर हे कबूल केलेलं नाही.) मग थेरपिस्टनेच थांबवलं. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही, असला तर दोन्हींत दिसतो, म्हणाली.

प्रयोगशाळेतल्या मुलीने आधी अस्वलाला टोपी घातली. मग माझी सही झालेली असूनही धाकट्याला विचारलं, ‘तुला चालेल ना? नको वाटलं तर हात वर कर.’ मला भरून आलं. आपल्याकडे आपणच पोराचे हातपाय धरतो. तेही मायेनेच, पण धरतो.

कानात वाक्यं सुरू झाली. काही सरळ, काही ‘पोळीला मोजे लावले’ छापाची. असा विसंगत शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उमटते. १९८० साली कॅलिफोर्नियात कुटास आणि हिलयार्ड यांनी ती दाखवली; नाव एन४००. व्याकरण चुकलं तर ६००च्या आसपास दुसरी. डीएलडी असलेल्या मुलांत काही अभ्यासांना या लाटा उशिरा किंवा क्षीण दिसल्या, काहींना फरकच सापडला नाही.

मग आमच्या याची कशी होती? मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच हसू, तेच उत्तर: एका मुलाचं सांगता येत नाही. लाट काही मायक्रोव्होल्टची आणि पापणी लवली तरी तिच्या कितीतरी पट मोठा धक्का. म्हणून ढीगभर वाक्यांची, ढीगभर मुलांची सरासरी काढायची. निदान याने होत नाही, ते थेरपिस्टच्या चाचण्यांनीच.

पटलं हो. पण आपल्याकडे साधा ईईजी, म्हणजे याच लाटांचा आलेख, काढला तरी लांबलचक कागदांची फाईल मिळते, खाली डॉक्टरांची सही असते. ती घेऊन माणूस वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या संस्थेत जातो, आणखी कोणाला दाखवतो, आतेभावाच्या ओळखीतल्या न्यूरोलॉजिस्टला व्हॉट्सॲप करतो. त्यात कळत काही नाही, हे मान्य. तरी काहीतरी केलं असं वाटतं. इथे मी शनिवार घालवला, पार्किंगचे पैसे भरले, आणि माझ्या पोराच्या मेंदूच्या लाटा नाव पुसून कुठल्याशा सरासरीत गेल्या. आगाऊ लेखी कळवलं होतं म्हणे. असेल. इतकी पानं कोण वाचतं?

सासूबाईंचा रात्रीच फोन आला, ‘काय आलं गं रिपोर्टात?’

‘यायचाय अजून,’ म्हटलं.