सॉबिल, ऑल्टन, बेथ: अंतर घटवलं, मुक्काम वाढवले (तयारीची जुलैतली नोंद)

सॉबिल, ऑल्टन आणि बेथ या तीन सरोवरांचा मार्ग ठरला. जानेवारीच्या नोंदीत जो नकाशा लिहिला होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर उरलंय, आणि याच मार्गावर माझं मन पूर्ण बसलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सप्टेंबरात मी आणि माझा धाकटा भाऊ अमेरिकेत मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला, बाउंडरी वॉटर्स नावाच्या सरोवरांच्या अरण्यात कनू, म्हणजे वल्ह्यांची लांबट उघडी होडी, घेऊन सहा दिवस, पाच रात्री राहणार आहोत. भाऊ सेंट पॉलला असतो, मी इंदूरला. कॅनडाच्या सीमेला लागून सुमारे ११ लाख एकरांचं हे रान आहे. आत हजाराहून जास्त सरोवरं. एका सरोवरातून दुसऱ्यात जायचं तर मधली जमीन होडी खांद्यावर घेऊन चालायची. त्या वाटेला पोर्टेज म्हणतात.

मला तिथे का जायचंय, ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच झालेत. महेश्वरला पहाटे घाटावर जाऊन बसलं, की नर्मदेवर पहिली इंजिनाची होडी सुरू होईपर्यंत एक वेळ मिळते. अर्धा तास, फार तर पाऊण तास. पाणी पायऱ्यांना लागतं तेवढाच आवाज. ती वेळ मला सलग सहा दिवस हवी आहे.

आणि बाउंडरी वॉटर्समध्ये ती मिळते, कारण लोकांनी ती कायदे करून राखली आहे. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून या भागावर समुद्रसपाटीपासून ४००० फुटांच्या खाली विमानं उडवायला मनाई केली. तोवर पाण्यावर उतरणारी छोटी विमानं मासेमारीसाठी पर्यटकांना थेट आतल्या सरोवरांवर नेऊन सोडत. पुढे १९६४ चा अरण्य कायदा आला. १९७८ च्या कायद्याने मोटारबोटी मोजक्या सरोवरांपुरत्या उरल्या. हे वाचलं तेव्हा मी थांबून दोनदा वाचलं. जंगल वाचवलं, वाघ वाचवला, हे आपण ऐकतो. आकाशातला आवाज कमी व्हावा म्हणून सरकारी आदेश निघू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून प्रवेशाची जागा निवडताना पहिली अट ही, की त्या मार्गावर मोटारबोट चालत नसावी. मूस लेक किंवा फॉल लेक सोयीचे आहेत, ईली गावापासून जवळ, पण तिथे मोटारबोटी चालतात. सॉबिल लेक, प्रवेश क्रमांक ३८, फक्त वल्ह्यांचं. लेक सुपिरियरच्या काठावरच्या टॉफ्टी गावातून सॉबिल ट्रेलने २४ मैल आत, म्हणजे साधारण ३८ किलोमीटर. रस्ता तिथेच संपतो.

परवान्याचं काम जानेवारीतच झालं. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशातून दिवसाला ठरावीकच गट आत सोडतात. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ होड्या. परवान्यावर प्रवेशाची जागा आणि तारीख असते, आतला मुक्काम मात्र राखून ठेवता येत नाही. लोखंडी चुलीची जाळी बसवलेल्या ठरलेल्या जागांवरच तंबू टाकायचा, आणि जो आधी पोचेल त्याची जागा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुटी असते. ती संपली की कुटुंबांची गर्दी ओसरते. आम्ही त्याच आठवड्यातला बुधवार घेतला. मेअखेर-जूनच्या काळ्या माश्या आणि जून-जुलैचे डास तोवर बहुतेक संपलेले असतात. रात्री मात्र थंडी असेल.

आता आउटफिटर. आपल्याकडे हा धंदा फारसा नाही, म्हणून सांगते. कनू, वल्ही, लाइफ जॅकेट, तंबू, पाठीवरच्या मोठ्या पिशव्या, भांडी, जेवण, नकाशा, सगळं किंवा त्यातलं हवं तेवढं भाड्याने देणारे, आणि निघण्याआधी नकाशा टेबलावर पसरून मार्ग समजावणारे हे लोक. मी दोघांना पत्रं लिहिली. ‘शांत मार्ग हवा’ एवढंच लिहिलं. एकाकडून लेडी चेनचा वळसा आला: बेथ, ग्रेस, फीबी, हेझेल, पॉली अशी बायकांच्या नावांची सरोवरं, आणि रोज नवा मुक्काम. वाचूनच मोह झाला. दुसऱ्याकडून मार्ग आलाच नाही, एक प्रश्न आला: ‘सहापैकी किती दिवस तुम्हाला तंबू हलवायचा नाही?’

हा प्रश्न मी फोनवर भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘ताई, याच माणसाकडून होडी घेऊ.’ घेतली.

नवख्यांनी पत्र लिहिताना आपल्याला किती किलोमीटर कापायचेत हे लिहू नये. कशासाठी जातोय ते लिहावं, वय लिहावं, किती वजन किती वेळ खांद्यावर पेलतं ते खरं लिहावं. मी लिहिलं: वय ५१, गुडघे बरे, २० किलो घेऊन एक किलोमीटर चालते, उतारावर हळू. उत्तरात प्रत्येक पोर्टेजची लांबी आणि चढ-उतार लिहून आला.

लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे पाच मीटरला जरासा जास्त, जवळपास एका कनूइतका. सॉबिल ते ऑल्टन ३० रॉड, दीडशे मीटर. आपल्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऑल्टन ते बेथ १४० रॉड, ७०० मीटर. बेथ ते ग्रेस २८५ रॉड, म्हणजे १४०० मीटरहून जास्त. आमचं सामान एका खेपेत जाणार नाही. दोन खेपा म्हटलं की चालणं तिप्पट: सामान घेऊन जा, रिकामे परत या, उरलेलं घेऊन पुन्हा जा. बेथसाठी २.१ किलोमीटर, ग्रेससाठी आणखी ४.३. परतीला पुन्हा तेवढंच.

कागदावर हे आकडे मांडले आणि ग्रेस खोडलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं, कारण नावानेच ते सरोवर मनात बसलं होतं. पण त्या ४.३ किलोमीटरच्या बदल्यात बेथच्या काठावर पूर्ण दोन दिवस नुसतं राहायला मिळतंय. आता मांडणी अशी: पहिली रात्र ऑल्टन, मग तीन रात्री बेथ एकाच जागी, शेवटची रात्र पुन्हा ऑल्टन. ऑल्टन मोठं आणि उघडं आहे, दुपारी पश्चिमेचा वारा लागला की लाटा उठतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचं आणि दुपारी दोनच्या आत जागा धरायची.

होडी केव्हलरची, म्हणजे एका हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची घेतली. वजन १९-२० किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची याच लांबीची ३० किलोच्या वर जाते. पण वजनाइतकंच मोठं कारण दुसरं आहे. ॲल्युमिनियमला वल्हं लागलं की भांडं आपटल्यासारखा आवाज होतो आणि शांत पाण्यावर तो सरोवरभर जातो. केव्हलरची अट एवढीच, की ती खडकावर घासायची नाही. काठाला लावायची नाही, गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि ती तरंगत असतानाच सामान चढवायचं-उतरवायचं. म्हणजे बूट रोज ओले. कोरडे मोजे आणि तंबूपाशी घालायच्या चपला वेगळ्या.

वल्हवण्याचा सराव इंदूरजवळच्या चोरलच्या तलावावर चालू आहे. ओळखीतल्या एकाकडे हवा भरायची दोन माणसांची होडी आहे. ती कनू नाही, तळ सपाट असल्याने जराशा वाऱ्याने फिरते, पण एका पात्याचं वल्हं शिकायला चालते. जूनच्या दुसऱ्या रविवारी पूर्वमोसमी वाऱ्याने आम्हाला काठापासून चांगलंच लांब नेलं. काठावरचा पहारेकरी ओरडत होता, ‘दीदी, किनारे-किनारे आओ!’ परत यायला पाऊण तास लागला, दंड भरून आले. तेव्हा कळलं की वाऱ्याला नाक देऊन, काठ धरूनच जायचं, आणि जड माणसाने मागे बसायचं. त्या दिवशी मी पुढे बसले होते, आणि मागे बसलेली सोबतची मुलगी माझ्यापेक्षा बरीच हलकी.

जे-स्ट्रोक आता हातात बसतोय. एकाच बाजूने वल्हवत राहिलं की होडी उलट बाजूला वळते. वल्ह्याच्या शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पात्याने पाणी जरा बाहेर ढकललं की ती सरळ राहते. याचाच एक मुका प्रकार आहे: पातं पाण्याबाहेर काढायचंच नाही, त्याची कड पुढे करून पाण्यातूनच पुढे न्यायचं. थेंब पडत नाही, खळखळ होत नाही. दहा-बारा वेळा जमतो, मग मनगट चुकतं. यासाठी मी सगळ्यात जास्त वेळ देतेय. काठावर पाणी प्यायला आलेलं हरिण पाहायचं तर हाच उपयोगी.

वजनाचा सराव रालामंडळच्या टेकडीवर. पाठीवर १८ किलो तांदळाची पोती बांधून वर शिकारगाहपर्यंत आणि खाली. मेमध्ये दोनदा थांबत होते, आता एकदा.

खाण्याचं सांगायला सगळ्यात आनंद होतोय. आउटफिटरचं पाकिटबंद जेवण नाकारलं. माळव्याचं ऊन आहे, गच्ची आहे, आईने शिकवलेलं वाळवण आहे. मग आणखी काय हवं? मेमध्ये गवार, तोंडली, कांदा, टोमॅटो वाळवले. मूगडाळीचे सांडगे घातले. एक किलो टोमॅटो वाळून साठ-सत्तर ग्रॅम झाले. मग एका स्टोव्हवर, घड्याळ लावून करून पाहिलं: वाळवलेली भाजी अर्धा तास थंड पाण्यात भिजवली तर शिजायला बारा मिनिटं, थेट उकळत्या पाण्यात टाकली तर पंचवीस आणि तरी गवार चिवट. म्हणजे दुपारी जागा धरली की डबा पाण्याने भरून ठेवायचा. इंधन निम्मं. न्याहारीला भाजणी, दुपारी चूल नाही: शेव, दाण्याचे लाडू, लसणाची कोरडी चटणी. दोघांचं सहा दिवसांचं कोरडं अन्न आठ किलोच्या आत बसतंय. एक खबरदारी: अमेरिकेत उतरताना प्रत्येक खाद्यवस्तू जाहीर करावी लागते, आणि तांदूळ तर भारतातून सामानात न्यायलाच बंदी आहे, साठवलेल्या धान्याला लागणाऱ्या खापरा भुंगेऱ्यामुळे. तांदूळ-डाळ भाऊ तिथेच घेईल. प्रत्येक पिशवीवर मी इंग्रजीत नाव लिहिलंय. वाळवलेल्या भाज्या तपासणीत काढून घेतल्या तर त्या सोडून द्यायच्या, म्हणून भावाने तिथेही थोड्या वाळवून ठेवायचं कबूल केलंय. आणखी एक: काचेच्या बाटल्या आणि डबाबंद अन्न आत न्यायची मनाई आहे. लोणचं म्हणून प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत.

अस्वलांसाठी अन्नाची पिशवी झाडाला टांगायची: जमिनीपासून १२ फूट वर, खोडापासून ६ फूट लांब. अंगणातल्या कडुनिंबावर गेले चार रविवार हाच उद्योग. दोरीला दगड बांधून फांदीवरून टाकायचा. पहिल्या दिवशी सतरा वेळा टाकला. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन बसायच्या, आता त्याच सांगतात की ‘अगं, ती नको, पुढची फांदी घे, ही वाकतेय.’ बरोबर सांगतात. आठ किलो चढवलं की बारीक फांदी दोन फूट खाली येते आणि सगळं माप चुकतं. तरीही तिथल्या पाइन आणि स्प्रूसच्या फांद्या कडुनिंबासारख्या आडव्या पसरत नाहीत, म्हणून अस्वलाला न उघडणारा कडक डबाही भाड्याच्या यादीत घातला. आत बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही, त्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्रही.

उरलेली कामं: भावाला वल्ह्याची लांबी मोजून पाठवायची आहे. नकाशाला प्लॅस्टिकचं पाकीट शिवायचंय. पाऊस नीट पडत राहिला तर या शनिवारी चोरलला रात्रीचा मुक्काम, भर पावसातल्या तंबूची परीक्षा. तो मुका स्ट्रोक सलग पन्नास वेळा जमला की पुढची नोंद लिहीन. कुणी सॉबिलच्या बाजूने बेथवर राहिलं असेल, तर पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेली मुक्कामाची जागा कुठल्या काठावर आहे, ते मला जरूर कळवा.