काका वर आले नाहीत

टूर मॅनेजरच्या नोकरीत बस बंद पडणं, पासपोर्ट हरवणं, गाईडचा घसा बसणं हे सगळं बघून झालंय. पण ज्या जागेसाठी माणसं जेरुसलेमला येतात, तिच्याच दारात गाईडने ‘मी इथून पुढे येत नाही’ म्हणावं, हे 2023 च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा घडलं. मला त्यांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. ग्रुपला पत्ता नव्हता.

गाईड बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे पनवेलचे, शाळकरी वयात आईवडिलांबरोबर इकडे आलेले. मराठी इतकी खणखणीत की ग्रुपमधल्या आज्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचं ‘काका’ करून टाकलं.

टेंपल माउंट, म्हणजे ज्यूंचं प्राचीन मंदिर होतं तो डोंगर; मुसलमानांचं हरम अल-शरीफ. मुसलमान नसलेल्यांना तिथे जायला मुघराबी दरवाजाचा लाकडी पूल एवढाच रस्ता. सकाळचे काही तास, दुपारी जेमतेम तासभर, शुक्रवार-शनिवार बंद. त्यामुळे आम्ही उजाडताच रांगेत. तपासणीत एका मावशींच्या पर्समधून छोटी पोथी निघाली. धार्मिक वस्तू वर नेता येत नाही, असं पोलिसाने खुणेनेच सांगितलं. मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. काका म्हणाले, “द्या इकडे, मी सांभाळतो. मी खालीच आहे.”

“खालीच म्हणजे?” ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, ते उसळले. “गाईडचे पैसे भरलेत आम्ही!”

काकांनी पुलाच्या तोंडाशी लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटची, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) सर्वोच्च संस्थेची पाटी: जागेच्या पावित्र्यामुळे टेंपल माउंटच्या आवारात जायला तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, कायद्याने सक्त मनाई आहे. “ज्याला तोरा लागू, त्याच्यासाठी आहे ती. तुम्ही खुशाल जा,” काका म्हणाले.

“वा! देऊळ तुमचं, आणि आत आम्ही?”

यावर उत्तर द्यायला वेळ नव्हता. काकांच्या ओळखीचा एक ख्रिस्ती अरब गाईड तासाभरासाठी ठरवला होता, त्याच्या मागे मोजून माणसं वर काढली. सोनेरी घुमटाच्या वास्तूत (डोम ऑफ द रॉक) आणि अल-अक्सा मशिदीच्या आत आम्हाला प्रवेश नव्हताच. बाहेरून निळ्या फरशा बघितल्या, फोटो झाले, खाली उतरलो. खरं सांगायचं तर कोणाचंच वर लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात काका.

खाली काकांनी आम्हाला दक्षिणेच्या भिंतीपाशी नेलं. दोन हजार वर्षांपूर्वी यात्रेकरू जिथून चढायचे त्या रुंद पायऱ्या, आणि त्यांच्या आसपास खडकात खोदलेली स्नानकुंडं. त्याला मिक्वे म्हणतात. एका कुंडाशी काका वाकून उभे राहिले. पायऱ्यांवर मधोमध एक बुटका उंचवटा होता, गिलावा अजून चिकटलेला. “एका बाजूने उतरायचं, दुसऱ्या बाजूने चढायचं. शुद्ध होऊन वर येणाऱ्याला खाली जाणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून.” पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं, निदान चाळीस सेआ, आजच्या मापात काही शे लिटर. हातातली अंगठी, आज असतं तर नेलपॉलिशसुद्धा काढायचं. अंग आणि पाणी यांच्यात काहीही नको.

“मग आता डुबकी मारा आणि जा की वर,” साहेब म्हणाले.

“डुबकीने सगळं जात नाही, साहेब. तुमच्याकडे सुतक असतं ना? तसंच समजा. मेलेल्याला हात लावला, त्याच्याबरोबर एका छपराखाली बसलं, कबरीवर पाय पडला, की माणूस अशुद्ध. सात दिवस. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अंगावर पाणी शिंपडायचं, नंतर स्नान. पण त्या पाण्यात लाल कालवडीची राख लागते. कधी जू न ठेवलेली, निर्दोष कालवड. दोन केस वेगळ्या रंगाचे निघाले तरी बाद. रोमनांनी सन 70 मध्ये मंदिर पाडलं, कालांतराने राखही संपली. तेव्हापासून आमचं सुतक फिटलेलं नाही. सगळ्यांचंच.”

त्याच्या आदल्या सप्टेंबरात, म्हणजे 2022 मध्ये, अमेरिकेतल्या टेक्सासहून पाच लाल कालवडी विमानाने इस्राएलमध्ये आणल्या होत्या. कोणीतरी ते विचारलंच. काकांनी हात झटकला. “त्यात राजकारण आहे. मी पडत नाही.”

मावशींना वेगळीच शंका. जरा दबकत म्हणाल्या, “बायकांना चार दिवस...?”

“त्या दिवसांत डोंगरावर यायचं नाही, हे खरं. बाळंतिणीलाही नाही. पण पुरुषाचं वीर्यस्खलन झालं असेल तर त्यालाही स्नानाशिवाय यायचं नाही.”

“अगं बाई, म्हणजे पुरुषांनाही आहे!” मावशी इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पलीकडचा कोरियन ग्रुप वळून बघायला लागला.

गंमत पुढे आहे. मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, पावित्र्याच्या पायऱ्या लावून दिल्यात: देश, तटबंदीची गावं, जेरुसलेम, मग हा डोंगर, आतली अंगणं, आणि शेवटी परमपवित्र गाभारा, जिथे फक्त मुख्य पुरोहित जाणार, तोही योम किप्पुरला, म्हणजे वर्षातल्या प्रायश्चित्ताच्या दिवशीच. प्रेताचा स्पर्श झालेला माणूस आणि परधर्मीय, दोघांनाही डोंगराच्या बाहेरच्या भागात मुभा आहे; अडवलंय ते आतल्या अंगणाच्या अलीकडे. म्हणजे स्नान करून काकाही कडेकडेने जाऊ शकले असते. काही रब्बी तशी परवानगी देतात, लोक चामड्याचे बूट काढून जातातही. पण मंदिर नेमकं कुठल्या फरशीवर होतं यावर एकमत नाही. चुकून आत पाऊल पडलं तर शिक्षा माणूस देत नाही, देव देतो. म्हणून 1967 मध्ये जुनं शहर इस्राएलच्या ताब्यात आल्यावर रब्बीनेटने सरसकट मनाईच केली.

मला हे पटलं. सोवळं म्हटलं की दुसऱ्याला दूर ठेवायचं, हेच मी लहानपणापासून बघितलं. इथे माणूस स्वतःला दूर ठेवत होता. मी हे बोलून दाखवलं, तर काकांनीच मला खोडलं. मंदिराभोवती कमरेएवढा कठडा होता, त्यावर ग्रीक भाषेत कोरलं होतं: परक्याने आत येऊ नये, पकडला गेला तर मरणाला तोच जबाबदार. ती शिळा 1871 मध्ये सापडली, आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. “तेव्हा फार कौतुक नको,” काका म्हणाले आणि मावशींची पोथी त्यांच्या हातात दिली.

पुढचा थांबा ऑलिव्ह पर्वत. उतारावर नजर जाईल तिथे कबरी. आमचा ड्रायव्हर कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. त्यांना जवळच्या नातलगांखेरीज कोणाच्याही मृतदेहाजवळ, कबरीजवळ जायचं नसतं. त्याने बस वरच्या रस्त्यावरच लावली. आता खाली चालत जायचं म्हणून मागून कुरकुर सुरू झाली, तसे बँकवाले साहेब उठून उभे राहिले आणि कोहेन, कबरी, राख, कालवड सगळं एका दमात समजावून सांगायला लागले. कालवड त्यांनी काळी केली होती.

“लाल, साहेब, लाल,” काका माईकवर म्हणाले. “बाकी चालू द्या, मी जरा पाणी पितो.”