चषक नव्हे, तबक

८ जुलै २०००, शनिवार. क्रीडा डेस्कवर माझी रात्रपाळी होती. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात व्हीनस विल्यम्सने लिंडसे डेव्हनपोर्टला ६-३, ७-६ असं हरवलं होतं. एजन्सीचा फोटो आला आणि मी फोटोओळ लिहून टाकली : ‘विजेतेपदाचा चषक उंचावताना व्हीनस’.

संदर्भ विभागातल्या बाई घरी निघाल्या होत्या. जाता जाता त्यांची नजर माझ्या पानावर पडली.

“अहो, चषक कुठला? हे तबक आहे.”

खरंच की! लग्नात अत्तरदाणी-गुलाबदाणी ठेवायला घेतात, तसंच. इतका नेमका शब्द घरात असताना सवयीने ‘चषक’ लिहिलं, याचं मला फार वाईट वाटलं. बाई परत आत गेल्या आणि कात्रणांची फाईल घेऊन आल्या.

बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८६४ साली घडवलेलं हे चांदीचं तबक. काही भागावर सोन्याचा मुलामा, व्यास पावणेएकोणीस इंच. पूर्वी जेवताना हातांवर गुलाबपाणी घालत, ते अशा तबकात झेलत. म्हणून नाव ‘व्हीनस रोझवॉटर डिश’. पण मधोमध बसली आहे ती सौंदर्यदेवता व्हीनस नव्हे, संयमाची देवता सोफ्रोसिनी. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात सुरई. तबकाच्या काठावर रोमन विद्यादेवता मिनर्व्हा आणि सात विद्या. १८८४ची पहिली विजेती मॉड वॉटसन हिला चांदीची फुलांची परडी मिळाली होती; तबक देऊ लागले १८८६पासून.

हे मी भराभर टिपून घेत होतो. तेवढ्यात बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं : १९५७पर्यंतच्या विजेत्यांची नावं आतल्या बाजूला कोरलेली, १९५८पासूनची बाहेरच्या बाजूला.

“या दोन्ही वर्षी कोण जिंकलं, बघा.”

अल्थिया गिब्सन. विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. आतलं शेवटचं नाव तिचं आणि बाहेरचं पहिलंही तिचंच. तिच्यानंतर एकाही कृष्णवर्णीय अमेरिकन महिलेचं नाव त्या चांदीवर चढलं नव्हतं. बेचाळीस वर्षांनी आता व्हीनसचं चढणार होतं.

माझ्या बातमीत गिब्सन शेवटच्या परिच्छेदात, एका ओळीपुरती होती. पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. मी चषकाचं तबक केलं, गिब्सनला पहिल्या परिच्छेदात आणलं आणि बातमी पुन्हा लिहायला घेतली. बाई शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक साल मला वाचून दाखवू लागल्या.